पीटरबिल्ट ३५९ आणि कोथरूडचं इंजिन: १:२५ मॉडेलच्या नोंदी

रविवार, ९ जून २०२४

भाच्यानं न्यू जर्सीहून आणलेलं खोकं आज उघडलं. पीटरबिल्ट ३५९ या अमेरिकी ट्रकचं मॉडेल, प्रमाण १:२५. आधी कुणीतरी फोडलेला, वापरायला घेऊन सोडून दिलेला किट आहे. केबिन, बॉनेट, दारं, स्लीपर (केबिनमागची झोपायची खोली), दहाच्या दहा चाकं आहेत. क्रोमचे भाग पिवळे पडलेत. चेसिसचा एक दांडा मधोमध तडकलाय. आणि इंजिन नाही. स्प्रूवरून, म्हणजे सुटे भाग ज्या चौकटीला जोडून येतात तिच्यावरून, कापून नेलेलं दिसतंय. गिअरबॉक्सचं अर्धं कवच तेवढं पिशवीच्या तळाशी सापडलं.

निराश झालो, खोटं कशाला बोलू. ३५९ ची मला कॉलेजपासून ओढ. १९६७ ते १९८७ अशी वीस वर्षं हा ट्रक बनत होता. लांब चौकोनी नाक, दोन्ही बाजूंना हवेच्या गाळणीचे डबे, मागे उभे दोन धुरांडे. पीटरबिल्टची सुरुवातच लाकडाच्या धंद्यातली. टकोमा गावच्या टी. ए. पीटरमन या लाकूड व्यापाऱ्याला जंगलातून ओंडके बाहेर काढायला दणकट गाड्या हव्या होत्या, म्हणून त्यानं ऑकलंडची फेजोल कंपनीची मालमत्ता विकत घेतली आणि १९३९ मध्ये स्वतःच्या नावानं ट्रक काढले. केबिन ॲल्युमिनियमची, रिव्हेट मारलेली. गाडीचं वजन जेवढं कमी, तेवढा माल जास्त.

संध्याकाळी चहाच्या वेळी बाबांनी खोक्यात डोकावून पाहिलं.

"यात इंजिन कुठलं बसायचं?"

"गिऱ्हाईक मागेल ते. पण बऱ्याच गाड्यांत कमिन्सचं. ८५५."

बाबांनी कपबशी खाली ठेवली. "आपलं ८५५?"

औंधच्या आयटीआयमधून फिटर होऊन बाबा १९७२ साली कोथरूडच्या कारखान्यात लागले. कारखाना १९६२ चा, तेव्हा नाव किर्लोस्कर कमिन्स. निवृत्तीपर्यंत ते इंजिन जोडणीतच होते. त्यांच्या हाताखालून गेलेली इंजिनं जनरेटरवर बसली, डंपरवर बसली, कॉम्प्रेसरवर बसली. हमरस्त्यावरच्या मालट्रकमध्ये बसलेलं ८५५ त्यांनी कधीच पाहिलेलं नाही. आपल्या रस्त्यावर तेव्हा टाटा-मर्सिडीज, शंभर-सव्वाशे अश्वशक्तीची. त्यात हे चौदा लिटरचं धूड बसवणार कोण आणि कशाला?

इंजिन मुळापासून बनवायचं ठरलं. ट्रक आता त्या इंजिनासाठी बनेल.

बुधवार, १२ जून

मापं काढली. गाडी १९७४ ची धरतोय, इंजिन एनटीसी-३५०, म्हणजे ३५० अश्वशक्ती, २१०० आरपीएमला. सालाला महत्त्व आहे. १९७६ पासून जाड कॅमशाफ्टचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्याचं) 'बिग कॅम' आलं; त्याच्या आधीचं ते आता 'स्मॉल कॅम' म्हणून ओळखलं जातं. बाबांच्या पहिल्या वर्षांतलं हेच.

व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २४४ इंच घेतला, मॉडेलवर २४८ मिलिमीटर. किटची चेसिस त्याहून बरीच आखूड आहे, त्यामुळे तडकलेल्या दांड्याचं दुःख संपलं. दोन्ही दांडे नवेच लागणार. एवढी लांब गाडी ही पश्चिमेकडच्या राज्यांतली चाल. १९८२ च्या केंद्रीय कायद्यापर्यंत अमेरिकेत राज्याराज्यांनी ट्रक आणि ट्रेलर मिळून एकूण लांबीला मर्यादा घातल्या होत्या. नाक लांब केलं की ट्रेलर तेवढा तोकडा. म्हणून जिथे मर्यादा कडक तिथे चपट्या तोंडाचे कॅबओव्हर, आणि जिथे मोकळीक तिथे ही लांब नाकाची गाडी.

रविवार, २३ जून

चेसिस. अमेरिकी जड ट्रकच्या चेसिसची बाहेरून बाहेर रुंदी ३४ इंच, म्हणजे साडेचौतीस मिलिमीटर. दांड्याची उंची १० ५/८ इंच, म्हणजे १०.८. अर्ध्या मिलिमीटरच्या हाय इम्पॅक्ट स्टायरीन या प्लॅस्टिकच्या शीटच्या पट्ट्या कापून 'सी' आकाराचे दोन चॅनल जोडले. शीट अप्पा बळवंत चौकाच्या बाजूला, आर्किटेक्चरची मुलं जिथे मॉडेलचं सामान घेतात तिथे मिळाली.

चिकटवण्याबद्दल एक गोष्ट लिहून ठेवतो. ही मुलं ॲक्रिलिक जोडायला क्लोरोफॉर्म वापरतात आणि दुकानदारानं मलाही तोच सुचवला. स्टायरीनवर तो फार आक्रमक आहे, पातळ पट्टीची कड लोण्यासारखी वितळते. साधा एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर बारीक ब्रशनं फटीत सोडला की तो आपोआप आत ओढला जातो आणि जोड पक्का होतो. खिडकी उघडी, पंखा चालू.

सांधे भरताना काचेच्या तुकड्यावर दोन्ही दांडे ठेवून वर किराणाच्या दोन पिशव्या ठेवल्या. सकाळी व्हर्नियर लावला. एका टोकाला ३४.५, दुसऱ्या टोकाला ३४.६. चालेल.

रविवार, ३० जून

पालख्या पुण्यात आल्या. काम नाही.

रविवार, १४ जुलै

आज घाई केली आणि त्याचं फळ मिळालं.

केबिन, बॉनेट आणि स्लीपर तयार होते. स्लीपरच्या रिव्हेटच्या रांगा मनासारख्या उमटल्या होत्या. शीतपेयाच्या कॅनचा पत्रा उलटा ठेवून त्यावर बायकोच्या शिवणाच्या डब्यातली कापडावर खुणा करायची दातेरी फिरकी पट्टीच्या आधारानं फिरवायची. एका ओळीत, सारख्या अंतरावर टपोरे ठिपके. हा पत्रा स्लीपरवर चढवला की गाडी एकदम धातूची वाटायला लागते.

सकाळी तासभर उघडीप होती म्हणून गच्चीवर जाऊन मरून रंग मारला. एनसी लॅकर. पाच मिनिटांत सगळ्या पृष्ठभागावर पांढुरकी साय आली. कारण माहीत होतं, तरी मारला. लॅकरमधला थिनर भराभर उडतो, उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं. ते रंगात अडकलं की रंग मेला. पुण्याच्या जुलैत हवा कोरडी मिळणार कुठून? गॅरेजवाले अशा दिवसांत रिटार्डर घालतात, त्यानं थिनर हळू उडतो. छोट्या भागावर तोही घालून पाहिला. साय कमी आली, पण गेली नाही.

रंग आता ऑक्टोबरपर्यंत बंद. पावसाळ्यात इंजिन.

गुरुवार, २५ जुलै

रात्रभर धो धो. खडकवासल्यातून पाणी सोडलंय, सिंहगड रोडच्या सोसायट्यांत पाणी शिरलंय. एकता नगरीजवळच्या मित्राचं सामान वरच्या मजल्यावर चढवायला गेलो होतो. हात दुखतायत.

रविवार, ४ ऑगस्ट

खराब झालेला रंग हजार नंबरच्या वॉटर पेपरनं पाण्यात घासून काढला. मग टेबल स्वच्छ पुसून इंजिन सुरू.

बोअर (सिलिंडरचा व्यास) साडेपाच इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) सहा इंच, सिलिंडर सहा. हिशेब केला की ८५५ घनइंच, नावाप्रमाणे. लिटरमध्ये चौदा. १:२५ ला हे घनफळ पंचवीसच्या घनानं, म्हणजे १५,६२५ नं भागायचं. उत्तर आलं ०.९ मिलिलिटर. सहाही सिलिंडरचं चौदा लिटर घनफळ इन्शुलिनच्या एक मिलिच्या सिरिंजमध्ये मावेल. बाबांना सांगितलं तर त्यांनी स्वयंपाकघरातून औषधाचं मापाचं टोपण आणून त्यात एक मिलि पाणी ओतून बघितलं.

ब्लॉकची लांबी मला फोटोंवरून काढायची होती. बाबांनी हातावरून काढली. "हेडं तीन. एका हेडखाली दोन सिलिंडर. आणि हेड एवढं," म्हणत त्यांनी कोपरापासून मुठीपर्यंत हात टेबलावर आडवा ठेवला. टेपनं मोजलं, चौतीस सेंटिमीटर. मॉडेलवर साडेतेरा मिलिमीटर, तीन हेडांचे साधारण एकेचाळीस. फोटोंवरून माझं आलं होतं बेचाळीस. मी एकेचाळीस धरले.

गुरुवार, १५ ऑगस्ट

सुट्टी. ब्लॉक स्टायरीनचे थर एकमेकांवर चिकटवून घडवला, कानशीनं आकार दिला. तीन वेगवेगळी हेडं, त्यावर रॉकरची, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफांची, तीन वेगवेगळी झाकणं. ही तीन झाकणं म्हणजे या इंजिनाचा चेहरा. लांबून पाहिलं तरी ओळखू येतं. झाकणांच्या मधल्या फटी मी आधी फक्त रेघ मारून दाखवणार होतो, बाबांनी खरोखर सुटी करायला लावली.

एक्झॉस्ट आणि टर्बो उजव्या अंगाला. टर्बोची गोगलगाय तांब्याच्या तारेची गुंडाळी करून, डाग देऊन, वर पुट्टी भरून घासली. तार तांबट आळीतली. तिथे ठोक्यांच्या आवाजात भाव विचारायलाही ओरडावं लागतं.

रविवार, १८ ऑगस्ट

आजची नोंद मोठी होणार.

काल रात्री जागून मी डाव्या अंगाचा इंधन पंप केला आणि त्यातून ०.३ मिलिमीटरच्या सहा तांब्याच्या तारा काढून एकेका सिलिंडरपर्यंत नेल्या. सगळ्या सारख्या वळणाच्या, एका क्लिपमध्ये बांधलेल्या. चार तास गेले. सुरेख दिसत होतं. सकाळी बाबांपुढे ठेवलं.

ते चष्मा वर-खाली करत बघत राहिले. मग विचारलं, "या सहा नळ्या कशाच्या?"

"डिझेलच्या. पंपाकडून इंजेक्टरला."

"हे टाटाचं इंजिन आहे का?"

मग त्यांनी वर्तमानपत्राच्या समासात आकृती काढून समजावलं. टाटाच्या इंजिनाला पंपच दर सिलिंडरसाठी डिझेल मोजतो आणि जबर दाबानं स्वतंत्र नळीतून पाठवतो, म्हणून तिथे सहा जाड भिंतीच्या नळ्या. कमिन्सची पीटी पद्धत निराळी. पीटी म्हणजे प्रेशर-टाइम. पंप फक्त कमी दाबानं डिझेल हेडांपर्यंत पोचवतो आणि तो दाब कमी-जास्त करतो. किती डिझेल आत जाणार हे त्या दाबावर आणि इंजेक्टरचं भोक किती वेळ उघडं राहतं यावर ठरतं. आत मारायचा जोर येतो कॅमशाफ्टकडून. पुशरॉड, त्यावर रॉकर, आणि रॉकर इंजेक्टरच्या प्लंजरला वरून दाबतो. म्हणून इथे दर सिलिंडरला दोन नाही, तीन रॉकर. एक इनटेकचा, एक एक्झॉस्टचा, मधला इंजेक्टरचा.

"मी आयुष्यभर तो मधला रॉकर सेट केला," बाबा म्हणाले. "टॉर्क रेंच घेऊन, इंच-पाउंडात. थोडा जास्त आवळला की इंजेक्टरचा कप जाणार, सैल राहिला की धूर."

जोरदार दाबाच्या नळ्याच नाहीत! एक येणारी, एक परतीची, बस्स. मला हे इतकं सोपं आणि इतकं हुशारीचं वाटलं की चार तास वाया गेल्याचं काही वाटेना. सहाही तारा ओढून काढल्या. भोकं बुजवली.

पंपाची जागाही चुकली होती. मी तो ब्लॉकला थेट चिकटवला होता. बाबांच्या सांगण्यावरून दुरुस्ती: पुढे गिअर केस, तिथून एअर कॉम्प्रेसर, आणि पंप कॉम्प्रेसरच्या पाठीला. एका ओळीत.

परदेशातल्या हौशी लोकांची सुंदर मॉडेलं मी वर्षानुवर्षं फोटोत बघतोय. त्यातल्या कितीतरी कमिन्सवर सहा-सहा नळ्या मला आता दिसायला लागल्यात.

शनिवार, ७ सप्टेंबर

गणपती बसले. टेबल दहा दिवस मखराच्या सामानाकडे. इंजिन फ्रिजवर, जुन्या मिठाईच्या खोक्यात.

रविवार, २२ सप्टेंबर

गर्दी ओसरली, पेठेत जाता आलं. आजची खरेदी माझ्या मते सगळ्या प्रकल्पातली सर्वांत चांगली.

पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून रेडिओची दुर्बिणीसारखी सरकणारी एरियल, दोन नग. पाच इंची धुरांड्याला मॉडेलवर ५.१ मिलिमीटरची नळी लागते. एरियलचे तुकडे सुटे केले, त्यात पाच मिलिमीटरचा एक निघाला. पितळेवर खरं क्रोम! किटमधल्या प्लॅस्टिकच्या क्रोमची बरोबरीच नाही. धुरांड्याचं टोक तिरकं कापलं. भोवतीची जाळी चहाच्या स्टीलच्या गाळणीतून.

डिझेलच्या टाक्यांना २४.५ इंच व्यास हवा, म्हणजे पंचवीस मिलिमीटरला निसटता कमी. विजेच्या फिटिंगचा पंचवीसचा कंड्युट पाइप! घरातच पडला होता. दोन्ही तोंडांना स्टायरीनच्या चकत्या, वरून ॲल्युमिनियमची चिकटपट्टी, आणि पट्टे काळ्या रबरी अस्तरासह.

ट्रेलर जोडायच्या फिफ्थ व्हीलचा खटका खरा चालणारा केला. किंगपिन (ट्रेलरखालची खुंटी) दोन इंची असते, इथे दोन मिलिमीटरची तार बरोब्बर बसते.

शनिवार, १२ ऑक्टोबर

दसरा. कटर, कानशी, पिन व्हाइस, डागाची कावी, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. बाबांनी त्यांचा फीलर गेजचा (फटी मोजायच्या पात्यांचा) संच कपाटातून काढून शेजारी ठेवला. पात्यांवर अजून तेलाचा हात फिरवलेला होता.

रविवार, २० ऑक्टोबर

हवा कोरडी होती. पहाटे दव असतं म्हणून अकरापर्यंत थांबलो, मग गच्चीवर. राखी प्रायमर, त्यावर मरून तीन हात, मधल्या पट्ट्याला बदामी. साय नाही, ठिपका नाही. पट्ट्याची कड मास्किंग टेपखालून एका जागी फुटली होती, ती टूथपिकवर थिनर लावून साफ केली.

इंजिन कमिन्सच्या फिकट बदामी रंगात. डेट्रॉइट डिझेलचं हिरवं, कॅटरपिलरचं पिवळं, कमिन्सचं हे. केबिनचा पट्टा त्याच डब्यातला आहे, मुद्दाम.

रविवार, १० नोव्हेंबर

इंजिन बसवायचा दिवस. बाबा सकाळीच आंघोळ करून खुर्ची ओढून बसले.

इंजिन चेसिसमध्ये उतरलं, गिअरबॉक्स जुळला. रेडिएटर लावला. मग फॅन. फॅन बाबांनीच केला होता, कॅनच्या पत्र्याची सहा पाती, प्रत्येकाला पक्कडीनं सारखा पीळ दिलेला. लावायला गेले आणि थांबले.

"हा उलटा आहे."

मला काही दिसेना. बाबा म्हणाले, जनरेटरवर फॅन हवा पुढे ढकलतो, इंजिनाकडून रेडिएटरमधून बाहेर. ट्रक पुढे धावतो, समोरून वारा येतो. फॅननं तो रेडिएटरमधून आत ओढायला हवा. त्यांनी पीळ दिला होता तो जनरेटरचा.

मी फॅन काढून उलट्या बाजूनं बसवायला घेतला. बाबांनी हात धरला. "उलटा करून काय होणार? उजव्या आट्याचा नट पालथा केला तर डाव्या आट्याचा होतो का?"

खरंच होत नाही. टेबलावर फॅन पालथा करून दहादा पाहिला, पीळ तोच राहतो. पातीच नव्यानं वळवायला हवीत, दुसऱ्या अंगाला. बाबांनी दुपारी झोप न घेता नवीन सहा पाती केली. पहिला फॅन मी नीडल कानसांच्या डबीत ठेवलाय.

संध्याकाळी बॉनेट पुढे कलवून ठेवलं. ३५९ चं बॉनेट सबंध पुढे झुकतं, त्यामुळे इंजिन तिन्ही बाजूंनी उघडं पडतं. बाबा खुर्ची फिरवत एकदा या अंगानं, एकदा त्या अंगानं बघत होते. "माणूस टायरवर उभा राहून टॅपेट सेट करू शकेल," म्हणाले. "आम्हाला डंपरवर चढायला शिडी लागायची."

रविवार, १७ नोव्हेंबर

केबिनच्या टपावर पाच पिवळे दिवे, आरसे, वायपर, धुराच्या जाळ्या. सगळं लागलं. डावा आरसा दोनदा पडला.

रविवार, २४ नोव्हेंबर

राहिली होती अक्षरं. अमेरिकेतल्या गाड्यांच्या दारावर मालकाचं नाव आणि गाडीचा नंबर असतो. मला तिथे बाबांचा कारखान्यातला तिकीट नंबर (कामगार क्रमांक) टाकायचा होता. बाबा नको म्हणाले.

"गाडी मी नाही बनवली. टाकायचा तर इंजिनावर टाक."

मग इंजिनाची पाटी केली. बाबांनी कोऱ्या कागदावर, पट्टीनं चौकट आखून, मोठ्या अक्षरांत लिहिलं: मॉडेल एनटीसी-३५०. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४. त्याखाली आरपीएम १५००. लिहून झाल्यावर क्षणभर पाहिलं, १५०० वर एक सरळ रेघ मारली आणि शेजारी २१०० लिहिलं. पन्नास हर्ट्झच्या जनरेटरला पंधराशे लागतात, ट्रकला नाही. सीरियल नंबरच्या जागी तिकीट नंबर.

मी म्हटलं, दुसरा कागद देतो. ते म्हणाले, असू दे, छोटं झाल्यावर कुणाला दिसतंय.

कागद स्कॅन करून चार मिलिमीटर रुंदीवर आणला, लेझर प्रिंटरवर छापला, मागून घासून पातळ केला आणि गिअर केसच्या बाजूला पातळ फेव्हिकॉलनं चिकटवला. भिंग लावून पाहिलं. खोडलेली रेघ दिसते.

ट्रेलर चाळीस फुटी, म्हणजे ४८८ मिलिमीटरचा. शीट उद्या आणतो.